माझ्या कॅलरी, मावशीचा तक्ता

सुरुवातीलाच एक कबुली. मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये शिकलो. शाळेत मराठी होती ती नावापुरती, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर मराठी विभागाच्या संपादकांनी सांभाळून घ्यावं. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. कारण ज्या गोष्टीचा मी हिशेब मांडणार आहे ती आमच्या स्वयंपाकघरात घडते, आणि तिथे पोळी, कूट, फोडणी आणि आजीचा 'चतकोर' हेच शब्द चालतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. इंजिनिअरिंगला आल्यापासून माझं वजन भसाभस वाढत होतं. सबमिशनची जागरणं, कँटीनचा वडापाव, रात्री दोनला मॅगी. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ८३ किलो झालं. ग्रुपमध्ये 'टँकर' हे नाव पडलं होतं, त्याचं एवढं काही नाही. पण त्याच सुमारास बाबांना डायबेटिस निघाला. रिपोर्ट बघून डॉक्टर बाबांशी बोलले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझा नंबर लागू द्यायचा नसेल तर आत्तापासून बघ."

आता मी पडलो उत्साही प्राणी! एका मित्राच्या मावशीला तिच्या डाएटवाल्या बाईंनी एक तक्ता दिला होता. वर लिहिलं होतं '१२०० कॅलरी'. मी त्याची झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या दिवसापासून सुरू. सकाळी एक पोळी, दुपारी एक पोळी आणि काकडी, रात्री सूप. तीन आठवड्यांत ५ किलो उतरले. मी हवेत! आणि चौथ्या आठवड्यात एका सकाळी ठाकुर्लीच्या रेल्वे पुलावर चढताना डोळ्यांपुढे काळोख आला. शुद्धीवर आलो तेव्हा दोन अनोळखी काका मला पायरीवर बसवून केळं भरवत होते. लोकल गेली, त्या दिवशीची फ्लुइड मेकॅनिक्सची टेस्ट गेली, आणि पुढच्या दोन महिन्यांत ५ च्या जागी ६ किलो परत आले. काटा ८४ वर.

ह्यात मावशींची काही चूक नव्हती, त्यांच्या डाएटवाल्या बाईंचीही नव्हती. मावशी पंचेचाळीशीच्या, पाच फूट उंच, दिवसभर बसून काम. तक्ता त्यांच्यासाठी होता. मी विशीतला, त्यांच्यापेक्षा पंचवीस किलोने जड. दुसऱ्याच्या पंपाचं रेटिंग वाचून आपली मोटर लावण्यातला हा प्रकार! मग प्रश्न पडला, की माझा आकडा कोणता? तो शोधता शोधता जे कळलं ते इथे देतोय.

आधी युनिट समजून घेऊ

शाळेत आपण शिकलो की १ ग्रॅम पाण्याचं तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवायला लागते ती १ कॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर असते ती मात्र किलोकॅलरी, म्हणजे तिच्या हजारपट. बोलताना सगळे तिलाच कॅलरी म्हणतात, मीही ह्या लेखात तेच करतो. १ किलोकॅलरी म्हणजे ४१८४ ज्यूल.

समजा एखादा माणूस दिवसाला २५०० कॅलरी वापरतो. २५०० ला ४१८४ ने गुणा आणि दिवसाच्या ८६४०० सेकंदांनी भागा. उत्तर येतं १२१ वॅट. म्हणजे आपण साधारण दीड सीलिंग फॅनच्या ताकदीचं यंत्र आहोत. व्हायवाला चार तास उभं राहून आपण दमतो ते ह्या १२१ वॅटवर!

आता ही ऊर्जा जाते कुठे? ह्याचं उत्तर मला आजोबांनी लहानपणीच देऊन ठेवलं होतं, पण तेव्हा कळलं नव्हतं. ठाकुर्लीच्या मंडळींना चोळे पॉवर हाऊस माहीत असेल. रेल्वेने स्वतःच्या गाड्यांसाठी बांधलेलं, कोळशावर चालणारं वीज केंद्र. ते बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण माझे आजोबा तिथे शिफ्टमध्ये काम करायचे. ते सांगायचे, "गाडी धावो न धावो, बॉयलर गरम ठेवावाच लागतो. त्याचा कोळसा वेगळा."

शरीराचं अगदी तसंच आहे. तुम्ही दिवसभर पलंगावर नुसते पडून राहिलात तरी हृदय, फुप्फुसं, मेंदू, यकृत, किडनी चालूच असतात. त्यांना लागणाऱ्या ऊर्जेला बेसल मेटाबॉलिक रेट म्हणतात, थोडक्यात बीएमआर. आपल्यासारख्या बसून काम करणाऱ्यांचा बहुतेक कोळसा ह्यातच जातो. चालणं, जिने चढणं, क्रिकेट खेळणं हे त्याच्या वर.

आणि ते 'वर'चं किती, तेही मोजून बघितलं. आपला रेल्वे पूल ६ मीटर उंच धरा. ८४ किलोचा मी वर चढलो तर काम झालं ८४ × ९.८ × ६, म्हणजे ४९३९ ज्यूल, म्हणजे जेमतेम १.२ कॅलरी! स्नायूंची एफिशियन्सी २०-२५ टक्के धरली तर खर्च ५ ते ६ कॅलरी. बिस्किटाचा एक कोपरा. पूल चढून 'आज व्यायाम झाला' म्हणत समोसा खाणाऱ्यांनी (त्यात मीही होतो) हा आकडा पाठ करावा.

सूत्रं अनेक, उत्तरं अनेक

बीएमआर प्रत्यक्ष मोजायला प्रयोगशाळा लागते. तुम्ही किती ऑक्सिजन घेता आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडता त्यावरून तो काढतात. आपल्याला ते जमणार नाही, म्हणून सूत्र. अमेरिकेत १९१९ साली हॅरिस आणि बेनेडिक्ट ह्या जोडीने एक सूत्र दिलं. १९९० साली मिफ्लिन, सेंट जिओर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरं दिलं, ते आज जास्त वापरतात आणि लक्षात ठेवायला सोपंही आहे:

(१० × वजन किलोमध्ये) + (६.२५ × उंची सेंटिमीटरमध्ये) − (५ × वय)

मुलगा असेल तर ह्यात ५ मिळवायचे, मुलगी असेल तर १६१ वजा करायचे.

माझं उदाहरण: ८४० + १०६२.५ − १०० + ५ = साधारण १८०८ कॅलरी. बघा, नुसतं झोपून राहायला १८०८, आणि मी खात होतो १२००! पुलावर जे झालं ते व्हायलाच हवं होतं.

मग मी बाकीची सूत्रं लावली. हॅरिस-बेनेडिक्टने उत्तर आलं १९३७. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या जोडीच्या संस्थांच्या १९८५ सालच्या अहवालातल्या सूत्राने १९६४. आपल्या आयसीएमआरने भारतीयांसाठी त्यात ५ टक्के कपात केली होती, त्या सूत्राने (१४.५ × वजन + ६४५) आलं १८६३. एकच मुलगा, एकच दिवस, चार उत्तरं, आणि मोठ्या-छोट्यात १५६ कॅलरींचा फरक. लॅबमध्ये अशी रीडिंग्ज आली असती तर सरांनी जर्नल परत केलं असतं.

गंमत पुढे आहे. बसून काम करणाऱ्या भारतीय पुरुषाला किती कॅलरी लागतात? २०१० साली आयसीएमआरचं उत्तर होतं २३२०, आणि त्यासाठी धरलेलं वजन होतं ६० किलो. २०२० साली हेच वजन ६५ किलो धरलं, आणि गरज झाली २११०. माणूस ५ किलोने वाढला आणि कॅलरी २१० ने घटल्या! बायकांसाठी वजन दोन्ही वेळा ५५ किलोच, पण आकडा १९०० वरून १६६० वर आला. दहा वर्षांत भारतीयांचं शरीर बदललं असं नव्हे, अंदाज बदलला. आधी बैठ्या माणसासाठी बीएमआरला १.५३ ने गुणत होते, आता १.४ ने गुणतात. शिवाय बीएमआर स्वतःही आधीपेक्षा कमी धरलाय. २११० ला १.४ ने भागून बघा, १५०७ येतात. जुन्या सूत्राने ६५ किलोला १५८७ आले असते.

हे मी खिल्ली उडवायला सांगत नाहीये. मुद्दा एवढाच, की देशातल्या सगळ्यात मोठ्या संस्थेचाही आकडा अंदाज असतो, आणि नवी माहिती आली की त्या तो सुधारतात. मग मावशीच्या तक्त्यावरच्या किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमधल्या आकड्याला ब्रह्मवाक्य समजणारे आपण कोण?

बीएमआरला किती ने गुणायचं? आयसीएमआरच्या २०२० च्या हिशेबात बैठ्या कामाला १.४, मध्यम श्रमाला १.८ आणि जड श्रमाला २.३. आता प्रामाणिकपणे बघा. आठवड्यातून दोनदा बॉक्स क्रिकेट खेळणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी 'मध्यम श्रम' नसतो. लोकलमध्ये उभं राहून घाम आला तरी ते जड श्रम नव्हेत. मी १.४ घेतले. १८०८ × १.४ = २५३१. सोपं जावं म्हणून २५००.

आमच्या ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचंही गणित केलं (नाव छापलं तर ती पुन्हा जर्नल देणार नाही). वय २०, उंची १५८, वजन ६४. बीएमआर ६४० + ९८७.५ − १०० − १६१ = १३६७. गुणिले १.४ म्हणजे १९१३. तिनेही कुठूनसा तोच १२०० चा तक्ता मिळवला होता! तिला मी म्हटलं, तुझ्यासाठी १५०० ते १५५० पासून सुरुवात कर. माझा नियम साधा आहे: गरजेतून ३०० ते ५०० वजा करायचे, आणि बीएमआरच्या खाली स्वतःच्या मनाने जायचं नाही.

खाल्लेलं मोजायचं कसं?

इथे खरी परीक्षा. १९९२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. 'आम्ही १२०० पेक्षा कमी खातो तरी वजन उतरत नाही' असं सांगणाऱ्या लोकांचं खाणं आणि खर्च शास्त्रशुद्ध मोजला. निघालं काय, तर ते स्वतःचं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगत होते आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. आपलंही तसंच होतं. पोळ्या मोजतो, पण कुकर उघडल्यावर तोंडात टाकलेला भात कोण मोजतो?

मी एक छोटा डिजिटल काटा आणला. आई आधी वैतागली. "अरे, आता तू माझ्या कणकेचं वजन करणार?" पण नंतर तिलाच मजा वाटायला लागली. आमच्याकडची एक पोळी ३५ ग्रॅम कणकेची निघाली. गव्हाच्या पिठात १०० ग्रॅमला सुमारे ३४० कॅलरी, म्हणजे ११९. घडीतलं आणि वरचं मिळून अडीच ग्रॅम तेल, ग्रॅमला ९ प्रमाणे २२. एकूण १४०. डब्यात चार असायच्या, म्हणजे ५६०. नुसत्या पोळ्यांच्या!

तेलाचं काय करायचं? फोडणीत किती पडलं ते भाजी वाढल्यावर कळत नाही. त्यावर मी एक युक्ती काढली. किराण्याच्या यादीवरून हिशेब. आमच्या घरी चार माणसांना महिन्याला ४ लिटर तेल लागतं. वजनाने ते सुमारे ३६४० ग्रॅम. चार माणसं गुणिले तीस दिवस म्हणजे १२० ने भागलं, तर माणशी रोज ३० ग्रॅम. ३० × ९ = २७०. साखरेचंही तसंच: महिन्याला ३ किलो, माणशी २५ ग्रॅम, १०० कॅलरी. म्हणजे जी ताटात दिसत नाहीत ती तेल आणि साखर रोजच्या ३७० कॅलरी घेऊन बसली होती. तुम्हीही घरची यादी मागून घ्या. त्यात काहीच लपत नाही.

दाण्याचं कूट हा दुसरा छुपा रुस्तम. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. भाजीत दोन चमचे कूट म्हणजे जवळजवळ शंभर. कूट वाईट नाही, त्यात प्रोटीन आहे, फक्त मोजायला हवं. वडापाव? पाव, बटाटा, बेसन आणि शोषलेलं तेल मिळून माझ्या हिशेबाने ३०० ते ३५०. तो चालून जिरवायचा म्हटलं तर माझ्या वजनाला ६-७ किलोमीटर, म्हणजे ठाकुर्लीहून निघून कल्याणच्याही पुढे!

प्रयोग: ओपन लूप आणि क्लोज्ड लूप

इथे कंट्रोल सिस्टिम्सचा एक धडा आठवा. सूत्र लावलं, आकडा आला, त्याप्रमाणे खाल्लं आणि विसरून गेलो, ही ओपन लूप सिस्टिम. टाकी भरली का हे न बघता पंप सोडून झोपण्यासारखं. शरीराला लागते क्लोज्ड लूप. आउटपुट मोजायचं, फरक काढायचा आणि इनपुट सुधारायचं. आपल्या बाबतीत सेन्सर म्हणजे वजनकाटा.

पण हा सेन्सर भयंकर नॉइजी आहे. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं तर सकाळी पाऊण किलो वाढतं, ते पाणी असतं. उलट खाणं एकदम तोडलं की पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात, तेही बरंचसं पाणीच. शरीर ग्लायकोजेन नावाचा साठा वापरतं आणि त्याला धरून असलेलं पाणी बाहेर पडतं. माझ्या पहिल्या पराक्रमाचा हिशेब बघा. २५०० मधून १२०० गेले, रोजची तूट १३००. २१ दिवसांची तूट २७३००. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे उतरायला हवे होते साडेतीन किलो, उतरले पाच. वरचं दीड किलो बहुधा पाणी आणि थोडा स्नायू. आणि मी त्याचे पेढे वाटायचा बाकी होतो!

म्हणून दुसऱ्या वेळी असं केलं. रोज सकाळी उठल्यावर, काही खायच्या आधी, वजन. आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी. एका दिवसाच्या आकड्याकडे बघून हसायचं नाही, रडायचं नाही. पहिला आठवडा हिशेबातून बाद. त्यानंतरच्या चार आठवड्यांत, रोज साधारण २००० कॅलरी खाऊन, सरासरी १.४ किलोने उतरली.

आता उलटं गणित. १.४ × ७७०० = १०७८०. भागिले २८ दिवस = ३८५. म्हणजे माझी खरी तूट ५०० नव्हे, ३८५ होती. माझ्या वहीनुसार माझी गरज २००० + ३८५, म्हणजे २३८५. सूत्राचा अंदाज शंभरेक कॅलरींनी जास्त होता, किंवा मी कुठेतरी शंभरेक कॅलरी लिहायला विसरत होतो. कुठलं खरं? मौज अशी की त्याने फरक पडत नाही! चूक सूत्राची असो की वहीची, ती त्या ३८५ मध्ये आपोआप धरली गेली. तीच पद्धत चालू ठेवली, की दुरुस्ती तेवढी करायची.

दुरुस्तीही छोटी केली. आजी लहानपणापासून मला 'चतकोर घे, चतकोर घे' म्हणायची आणि कॉन्व्हेंटच्या ह्या मुलाला चतकोर म्हणजे एक चतुर्थांश हे बारावीत कळलं! मी दोन्ही जेवणांत मिळून पाऊण पोळी कमी केली. वर संध्याकाळी फास्ट लोकल पकडून डोंबिवलीला उतरायचं आणि घरापर्यंत दीड-दोन किलोमीटर चालत यायचं. (ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही ह्याचा एवढा फायदा आयुष्यात पहिल्यांदा झाला.) आणि उसळ, डाळ, अंडी मुद्दाम वाढवली, कारण तुटीच्या काळात प्रोटीन कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो.

अठरा वर्षांत शून्य किलो?

७७०० च्या नियमाची एक गोम सांगायलाच हवी. तो मूळ १९५८ साली मॅक्स विश्नॉफ्स्की ह्या डॉक्टरांनी मांडला, पौंडाला ३५०० कॅलरी असा. महिन्या-दोन महिन्यांच्या हिशेबाला ठीक आहे. पण सरळ रेषेत पुढे नेला तर काय होतं बघा. मी रोज फक्त १०० कॅलरी कमी खाल्ल्या तर वर्षाला ४.७ किलो. म्हणजे अठरा वर्षांत माझं वजन शून्य! पाऊण पोळी सोडली म्हणून कुणी अदृश्य झाल्याचं ऐकिवात नाही.

कारण वजन उतरलं की गरजही उतरते. ८४ चा मी ७६ झालो की सूत्रानेच गरज २५३१ वरून २४१९ होते. शिवाय खाणं घटलं की शरीर थोडी जादा काटकसर करतं. अमेरिकेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये ह्याचं गणिती मॉडेल दिलं. त्याचा सारांश असा: रोज १०० कॅलरींची कायमची कपात केली तर शेवटी साधारण ४ ते साडेचार किलो उतरतात आणि मग वजन स्थिर होतं. त्यातलं निम्मं व्हायला एक वर्ष लागतं. आपल्या भाषेत, सिस्टिमचा टाइम कॉन्स्टंट मोठा आहे. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात काटा हळू झाला तर आपलं काही चुकलं असं नाही. नवं वजन सूत्रात घाला आणि पुन्हा मोजा.

आणि फार तोडलं तर काय होतं, ह्याचाही प्रयोग झालेला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज ह्यांनी ३६ निरोगी तरुणांना स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी ठेवलं. हेतू असा, की युद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं ते कळावं. त्या तरुणांचं वजन जवळजवळ पाव भागाने घटलं. पण ते थंडीने कुडकुडत, चिडचिड करत, उदास होत, आणि दिवसरात्र फक्त अन्नाचा विचार करत. त्यांना मिळत होत्या सुमारे १५७० कॅलरी. हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. मी त्यांच्याहून कमी खाऊन लोकलच्या पुलावर चढत होतो, आणि 'विल पॉवर नाही' म्हणून स्वतःलाच शिव्या देत होतो.

बाबांचं काय?

मघाशी सांगितलं की बाबांना डायबेटिस निघाला. मजा म्हणजे बाबा बारीक आहेत! उंची १६६, वजन ६३. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की येतो तो बीएमआय त्यांचा २२.९, म्हणजे पुस्तकात नॉर्मल. मग असं का?

ह्याचं उत्तर आपल्या पुण्यातून आलंय. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन ह्यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! वरून बारीक, आतून चरबी जास्त, असं आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतं. म्हणून वजनकाट्याच्या जोडीला शिंप्याची टेप हवी. कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं आपल्या भागातल्या लोकांसाठी सांगतात. बाबांची निघाली ९४.

पण बाबांना मी माझं गणित लावलं नाही. ते साखरेच्या गोळ्या घेतात आणि खाणं एकदम कमी केलं तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. त्यांचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवला. तुमच्यापैकी कुणाला आजार असेल, औषध चालू असेल, किंवा खाण्याचा विचार करूनच पोटात गोळा येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. ह्यात लाजण्यासारखं काही नाही.

मी आज आठ महिन्यांनी ७६ वर आहे. ८ किलो. सरळ नियमाने १५ उतरायला हवे होते, पण मध्ये दिवाळी होती, परीक्षा होती आणि आजीच्या पुरणपोळ्या होत्या, त्या मी मोजल्या पण सोडल्या नाहीत. कंबर ९९ ची ९१ झाली. ग्रुपमध्ये मला अजून 'टँकर'च म्हणतात. पण पूल मी आता न थांबता चढतो, आणि रात्री बाबा साखर तपासतात तेव्हा मी शेजारी बसून दोघांच्या वह्या लिहितो. त्यांच्या वहीत साखर, माझ्या वहीत वजन. आई म्हणते, "दोघं मिळून एक दुकान टाका."

तर मित्रांनो, सूत्र जरूर लावा. पाच मिनिटांचं काम आहे. पण ते उत्तर पेन्सिलने लिहा. चार आठवडे प्रामाणिकपणे मोजा, मग खोडा आणि आपला आकडा पेनाने लिहा. आणि कुणी तक्त्याची झेरॉक्स मागितली तर देऊ नका, त्याला एक कोरी वही द्या!